चोवीस सूर्यफुलं आणि अण्णांचा जुना प्रश्न : परसबागेच्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

लातूरच्या आमच्या घरामागं आठ फूट बाय सहा फुटांचा एक वाफा आहे. आजवर तिथं वांगी, मिरच्या, अधूनमधून मेथी असायची. या रब्बीत तो सगळा सूर्यफुलाला द्यायचं ठरवलंय. कारण अण्णा.

अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७९. औसा तालुक्यातली शेती आता चुलत दिरांकडे असते. १९९० च्या दशकात आमच्या भागात सूर्यफुलाचं रान सलग दिसायचं, लग्न होऊन आले तेव्हा मीही पाहिलंय. मग सोयाबीन आलं आणि ते पिवळं रान संपलं. पण अण्णांच्या मनातून एक गोष्ट गेली नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत फुलं ताटाएवढी आली आणि मळणीत बी निघालं पोचट. कडेचे दाणे भरलेले, मधलं सगळं तबक रिकामं. "बी खराब दिले म्हणून मी दुकानदाराशी भांडलो होतो," असं ते अजून सांगतात. खरंच बी खराब होतं का, हे त्यांना कळून घ्यायचंय. मलाही.

वाफ्याला सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत ऊन मिळतं. सूर्यफुलाला सहा तासांच्या खाली चालत नाही. आज दीड फूट खोल खणून पाच घमेली कुजलेलं शेणखत मिसळलं. खोल खणायचं कारण सोटमूळ. त्याला खाली सरळ जाऊ दिलं की झाड उभं राहतं, नाहीतर भरलेल्या फुलाच्या वजनानं कलंडतं. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा चार बोटं उंच केला.

१२ ऑक्टोबर, दसरा

पेरणी झाली.

वाण भानू. हा सुधारित वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे घरचं बी पुढच्या हंगामाला राखता येईल. शहरातल्या नर्सरीत रंगीत पाकिटं मिळतात, लाल-चॉकलेटी फुलांची. त्यांतल्या काही वाणांत परागच नसतात. फुलदाणीत ठेवायला ते उत्तम, टेबलावर पिवळी धूळ पडत नाही. पण आमचा सगळा प्रश्नच परागांचा आहे.

बी रात्री कोमट पाण्यात भिजत घातलं आणि सकाळी सावलीत सुकवलं. दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन झाडांत ३०. चार ओळी, ओळीत सहा, अशा चोवीस जागा. प्रत्येक जागी दोन बिया, दोन इंच खोल. पंचविसावी जागा एका मोठ्या कुंडीत, ती धाकटीनं मागून घेतली आहे. ती आठवीत आहे आणि तिला काहीतरी वेगळं करून बघायचंय.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की नाही हे अण्णांनी ठरवलं. मूठभर माती दाबली, लाडू झाला, बोटानं टोचल्यावर फुटला. "टाक आता." घटातलं धान्याचं रोपही आणून त्यांनी वाफ्याच्या कडेला ठेवलं.

१७ ऑक्टोबर

पाचव्या दिवशी मातीला भेगा आणि त्यांतून वाकलेल्या माना. काही रोपं बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन वर आली. ते ओढून काढायचा मोह आवरायचा, आतली दलं फाटतात. सकाळी पाण्याचा हबका मारला की टरफल मऊ होऊन आपोआप सुटतं.

२४ पैकी २१ जागा उगवल्या. तीन जागी मुंग्यांनी बी पोखरलंय. त्याच दिवशी भिजवलेलं बी टाकून नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरले. उशीर केला तर मागून आलेलं रोप शेजारच्यांच्या सावलीत खुजं राहतं.

२५ ऑक्टोबर

विरळणी. प्रत्येक जागी एकच रोप ठेवलं. दुसरं उपटलं नाही, कात्रीनं जमिनीलगत कापलं. उपटताना राहणाऱ्या रोपाची मुळं हलतात. कापलेली रोपं दुसरीकडे लावावीत असं वाटलं होतं, अण्णा नको म्हणाले. सोटमूळ दुखावलं की सूर्यफूल पुन्हा उभारी धरत नाही.

पाणी चार दिवसांआड, तेही डाळ-तांदूळ धुतलेलं साठवून. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आमच्या गावानं प्यायलंय. तेव्हापासून या घरात धुण्याचं पाणीसुद्धा बादलीत धरलं जातं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भाऊ आला होता. जेवण झाल्यावर त्याला घेऊन कुंपणापलीकडचं गाजरगवत काढलं. हे काम पेरणीआधी करायला हवं होतं, आणि ते राहिलं ही माझी चूक.

कारण नीट लिहून ठेवते. सूर्यफुलाचा नेक्रॉसिस नावाचा रोग १९९७ च्या सुमारास कर्नाटकात बागेपल्लीच्या बाजूला दिसला आणि थोड्या वर्षांत दख्खनभर पसरला. त्यामागचा टोबॅको स्ट्रीक हा विषाणू गाजरगवतात राहतो. गवत स्वतः आजारी दिसत नाही, पण त्याच्या परागात विषाणू असतो. वाऱ्यानं किंवा फुलकिड्यांच्या अंगावरून ते पराग सूर्यफुलाच्या पानावर पडतात, फुलकिडे पान खरवडतात आणि त्या जखमेतून विषाणू आत जातो. म्हणजे औषध मारण्याआधी बांधावरचं गाजरगवत काढणं हाच खरा उपाय, आणि तोही त्याला फूल यायच्या आत.

आमच्या कुंपणामागचं गवत मात्र पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून, प्रत्येक झुडूप आधी ओलं करून उपटलं. तरी थोडी धूळ उडालीच. आता वाट बघायची.

रोपं गुडघ्याच्या खाली आहेत. खुरपणी केली, बुडाशी मातीची भर लावली.

१६ नोव्हेंबर

पस्तिसावा दिवस. शेंड्यावर हिरवी चांदणीसारखी कळी बसली आहे.

धाकटीनं आज सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दहा असं चार वेळा जाऊन कळ्यांची तोंडं वहीत काढली. सकाळी पूर्व, संध्याकाळी पश्चिम, हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो तेव्हा तोंडं सरळ आभाळाकडे होती! म्हणजे सूर्य नसतानाही झाड पूर्वेकडे परतायला लागलं होतं.

हे खोडाच्या वाढीमुळे होतं. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि शेंडा परत येतो. झाडाच्या आत चोवीस तासांचं घड्याळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ साली हे दाखवून दिलं. त्यांनी कुंड्या फिरवून पाहिल्या होत्या, तसंच आपणही करू असं धाकटीचं म्हणणं. आज संध्याकाळी तिनं तिची कुंडी अर्धी फिरवून ठेवली.

२४ नोव्हेंबर

दोन गोष्टी.

कुंडी: पहिले दोन-तीन दिवस झाड रात्रभरात भिंतीकडे, म्हणजे पश्चिमेला वळून बसायचं आणि सूर्य त्याच्या पाठीमागून उगवायचा. मग हळूहळू ते सावरलं. कालपासून पुन्हा पूर्वेकडे. धाकटीनं रोजचं चित्र काढून ठेवलंय. या वहीतलं सगळ्यात चांगलं काम तिचं आहे.

दुसरी गोष्ट वाईट. कुंपणाकडच्या ओळीतल्या चौथ्या झाडाची पानं शिरेलगत काळी पडली आहेत. देठावर आणि खोडावर काळ्या रेघा, कळीची मान पिळल्यासारखी वाकडी. अण्णांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "हे ठेवू नको." नेक्रॉसिसचीच लक्षणं. मुळासकट काढून पिशवीत बांधलं. तीन आठवड्यांपूर्वी गवत उपटलं ते याच झाडाच्या मागचं होतं. उरली तेवीस.

काही पानांच्या कडा पिवळ्या आहेत, ते तुडतुडे. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवल्या, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारल्या. फुलं उमलायच्या आधीचा हा शेवटचा फवारा. पुढं काहीही झालं तरी फुलावर कीडनाशक काही मारायचं नाही.

८ डिसेंबर

पहिल्या सहा फुलांच्या कडेच्या पाकळ्या सुटल्या. सत्तावन्नावा दिवस. झाडं आता माझ्या खांद्याला लागतात.

ज्याला आपण एक फूल म्हणतो ती शेकडो फुलांची वसाहत असते. कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक वांझ फूल, त्याचं काम मधमाशांना बोलावणं. दाणा धरतात ती मधल्या तबकावरची बारीक फुलं. ती कडेपासून मध्याकडे रोज थोडी थोडी उमलत जातात, आठ-दहा दिवस. आणि प्रत्येक बारीक फूल आधी नर असतं. पहिल्या दिवशी पराग बाहेर येतात, दुसऱ्या दिवशी त्यातूनच दोन टोकांची कुक्षी, म्हणजे पराग घेणारा मादी भाग, वर येते. स्वतःचाच पराग बऱ्याच झाडांना नीट लागू होत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. म्हणजे कुणीतरी तो आणून पोचवला पाहिजे. अण्णांच्या पोचट दाण्याचं उत्तर इथंच असावं असं मला वाटतंय, पण बघून ठरवू.

त्यासाठी तेवीस झाडांचे तीन गट केले. सात झाडांच्या फुलांना उमलायच्या आत आईंच्या जुन्या मलमलच्या लुगड्याच्या पिशव्या बांधल्या, माशी आत जाणार नाही. आठ झाडं मोकळी, माशांच्या भरवशावर. उरलेली आठ मोकळी, शिवाय त्यांना हातानं परागीकरण. सकाळी सात ते अकराच्या दरम्यान तळव्याला मऊ सुती कापड गुंडाळून एका फुलावरून अलगद फिरवायचं, मग त्याच हातानं पुढच्या फुलावरून. एक दिवसाआड.

बोरॅक्स मात्र अण्णांनी सगळ्यांना द्यायला लावलं. बोरॉन कमी पडलं तरी दाणे भरत नाहीत. लिटरला २ ग्रॅम, आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून, पाकळ्या सुटताना तबकावर. सगळ्यांना दिल्यामुळे बोरॅक्सचा वाटा किती हे या प्रयोगातून कळणार नाही. चालेल.

१३ डिसेंबर

उमललेली फुलं आता वळत नाहीत. खोडाची वाढ थांबली की मान पूर्वेकडे पक्की होते. पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि तापलेल्या फुलावर माशा जास्त येतात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र वाफ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे पोळ्या लाटताना फुलांच्या पाठी दिसतात. ज्यांना फुलं डोळे भरून बघायची असतील त्यांनी वाफा खिडकीच्या पश्चिमेला धरावा.

सकाळी नऊला दहा मिनिटं स्टूल टाकून बसले. सोळा मोकळ्या फुलांवर ३१ माशा मोजल्या. बहुतेक फुलोरी, त्या बारीक लालसर पट्ट्यांच्या. मोठ्या आग्या माशा पाच. सातेरी एकही नाही.

१६ डिसेंबर

दहा मिनिटांत फक्त चार माशा.

दोन दिवसांपूर्वी सकाळी शेजारी गुलाबांवर कीटकनाशक मारलं गेलं होतं. वाफ्याच्या कडेला सहा मेलेल्या फुलोरी सापडल्या, पायांना पिवळे परागगोळे तसेच. फार वाईट वाटलं. संध्याकाळी शेजारच्या काकांकडे गेले, माशा कागदावर घेऊन. भांडायला नाही, दाखवायला. त्यांना असं काही होत असेल याची कल्पनाच नव्हती. बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. यापुढे सूर्य मावळल्यावरच फवारणार, आणि शक्यतो निंबोळी अर्कच, असं म्हणाले. उरलेल्या निंबोळ्या त्यांना देऊन आले.

अण्णा ओट्यावर बसून हे ऐकत होते. काही बोलले नाहीत.

२१ डिसेंबर

माशा परतल्या. नऊ वाजता १९. हातानं परागीकरण चालू आहे, तळवा पिवळाधमक होतो. मागून आलेल्या तीन झाडांची फुलं तळहाताएवढीच.

३० डिसेंबर, वेळा अमावस्या

सगळे गावी गेलो. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना येळवशीबद्दल सांगायला नको. रानात कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबिलीचा डेरा आणि "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत रानाला घातलेली प्रदक्षिणा. बाकीच्यांसाठी एवढंच की या दिवशी आमची शहरं ओस पडतात आणि रानं भरतात.

जेवणानंतर अण्णा मला बांधावरून पार वरच्या तुकड्याकडे घेऊन गेले. आता तिथं हरभरा आहे. शेवटचं सूर्यफूल इथंच होतं. थोडा वेळ काठीवर रेलून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, त्या साली फुलात अळी पडलती. आमी सकाळीच फवारलाव. ऊन व्हायच्या आत उरकावं म्हणून. सलग चार दिवस."

मी विचारलं, तेव्हा माशा होत्या का?

"पयल्या दिवशी लई होत्या. वरच्या आंब्याला आग्या मोहोळ होतं. त्याच्यानंतर ते उठून गेलं." मग म्हणाले, "मी त्या दुकानदाराला उगंच बोललो."

तो आंबाही आता नाही. दुकानदार वारून बरीच वर्षं झाली. परतताना अण्णांनी हरभऱ्याचा डहाळा मोडून माझ्या हातात दिला, दुसरा विषय काढला नाही. फवारणी हेच एकमेव कारण होतं असं मी आज म्हणणार नाही. त्याच वर्षांत नेक्रॉसिसही आला होता, पाऊसही चुकला होता. पण कडेला भरलेलं आणि मध्ये रिकामं हे चित्र फवारणीशी जुळतं. कडेची फुलं आधी उमलतात, तेव्हा माशा होत्या. मधली उमलेपर्यंत त्या गेल्या होत्या.

७ जानेवारी २०२५

फुलांच्या पाठी हिरव्याच्या पिवळ्या होतायत, माना खाली झुकल्या आहेत. आणि पोपट आले. एका सकाळी दोन फुलांची कड कुरतडून गेले. ते फुलाच्या खांद्यावर बसून वाकून खातात, त्यामुळे झुकलेल्या फुलाचाही त्यांना त्रास होत नाही. मलमलच्या पिशव्यांचं काम संपलंच होतं, त्या आणि आणखी दोन जुन्या ओढण्या वापरून सगळी फुलं झाकली. प्लॅस्टिक बांधू नये, आत दमटपणा धरून तबक कुजतं.

वाळलेली बारीक फुलं हातानं झाडल्यावर खालची बियांची नक्षी दिसते. धाकटीनं एका फुलावर कुंकवाच्या बोटानं ठिपके देत वळसे मोजले. एका दिशेनं ३४, उलट्या दिशेनं ५५. दुसऱ्या फुलावरही तेच. शेवटी आलेल्या लहान फुलावर २१ आणि ३४. प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या दोघांची बेरीज असलेली ही माळ, फिबोनाची नावाची, तिला शाळेत नुकतीच भेटली होती. ती फूल घेऊन सरळ अण्णांकडे गेली. हजारो फुलं हाताखालून गेलेल्या माणसानं हे कधी मोजलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली, आज काढणी. पंच्याण्णवावा दिवस. पाठ लिंबासारखी पिवळी, कडेची पानं तपकिरी झालेली फुलं देठाच्या वीतभर खाली कापली. गट वेगळे राहावेत म्हणून तीन रंगांचे दोरे बांधले. पाच दिवस गच्चीवर, तबक खाली, बी वर.

२१ जानेवारी

मळणी काठीनं हलकेच बडवून. मग प्रत्येक फुलाचं बी मिसळून त्यातले शंभर दाणे घेतले आणि नखानं दाबून पाहिले. भरलेला दाणा दबत नाही. अण्णा, आई, धाकटी आणि मी, चौघं दोन संध्याकाळी हेच करत होतो.

पिशवी बांधलेली सात: शंभरात सरासरी २९ भरलेले.
मोकळी आठ: ७६.
मोकळी आणि हात फिरवलेली आठ: ८८.

पिशवीतल्या फुलांचं तबक अण्णांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं. वरून सुंदर, मोठं, आणि आत जवळजवळ पोकळ. "असंच होतं," म्हणाले. "तंतोतंत असंच."

७६ आणि ८८ मधल्या फरकावर मी फार भर देणार नाही, झाडं थोडी आहेत आणि मध्ये तो फवाऱ्याचा आठवडा गेला. मोकळ्या फुलांत १४ ते १६ डिसेंबरच्या सुमारास उमललेला पट्टा डोळ्यांनाही ओळखू येतो, कडेपासून तीन बोटं आत, पोचट दाण्यांचं कडं. हात फिरवलेल्या फुलांत ते कडं पुसट आहे. २९ मात्र निर्विवाद.

सगळं मिळून ७८० ग्रॅम भरलेलं बी. घाण्यावर न्यावं एवढं नाही. अर्धा किलो चटणीला आणि खायला ठेवलं. लोखंडी तव्यावर मंद भाजून, लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटलं. कारळाच्या चटणीपेक्षा सौम्य लागते.

२६ जानेवारी

बियाणं राखलं. हात फिरवलेल्या आठ फुलांतलंच, कारण त्यांचं परागीकरण एकमेकांत झालंय. दोन दिवस सावलीत वाळवून, राख चोळून, कडुलिंबाच्या पाल्यासह मातीच्या गाडग्यात. अण्णांनी त्यातून वेगळी एक पुडी बांधली आणि चुलत दिरांना फोन लावला. हरभरा निघाला की वरच्या तुकड्याच्या बांधानं दोन ओळी लावायच्या, पाण्याची सोय मी सांगतो म्हणाले. फोन ठेवता ठेवता पुन्हा उचलून म्हणाले, "आणि फुलोऱ्यात पंप काढू नको रे. काढलासच तर दिवस मावळल्यावर."

वाफा रिकामा आहे. खोडं बारीक करून तिथंच पुरली. कुंपणामागं गाजरगवताची नवी रोपं आली आहेत, चार पानांवर. उद्या सकाळी तीच आधी.